हरिश्चंद्र नागवेकराचे मैदान

“घाम गाळणं वेगळं आणि व्यायाम करणं वेगळं, दादा.”

हे वाक्य हरिश्चंद्र नागवेकर आपल्या थोरल्या भावाला म्हणाला, तेव्हा भाऊ उघड्या अंगाने ओटीवर बसला होता आणि हरिश्चंद्राचे बोट त्याच्या मणक्यावरून खाली उतरत होते. भागोजी बोटीवर बॉयलरपुढे कोळसा ओढी. वर्षाकाठी एकदा रत्नागिरीला येई, तेव्हा त्याची पाठ कोयतीसारखी वाकलेली असे आणि खांद्यांच्या कातडीत कोळसा कायमचा मुरलेला असे. त्याच पाठीच्या जिवावर धाकटा भाऊ मद्रासला शिकून आला होता. आता ती पाठ शास्त्राप्रमाणे चुकीची ठरली.

“मग काय करू मी?” भागोजीने विचारले.

“सकाळी दहा दीर्घ श्वास. आणि फावडं मारताना वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवायचं.”

“बोट हलते रे बाबू,” भागोजी म्हणाला, आणि त्याने विडी पेटवली.

हरिश्चंद्राने विडीकडे पाहून डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी दुसऱ्याला क्षमा करण्याची ही कला तो मद्रासहूनच घेऊन आला होता.

शहराच्या कडेला, समुद्राकडे उतरणाऱ्या वाडीत नागवेकरांचे घर होते. त्या वाडीतून लोक बोटीवर गेले होते, मुंबईच्या गिरणीत गेले होते, एकजण तर आफ्रिकेत जाऊन परत आलाच नव्हता. पण उड्या मारायला शिकण्यासाठी परमुलखात गेलेला हरिश्चंद्र पहिलाच. एकोणीसशे अठ्ठावीस साली तो निघाला, तेव्हा वाडीत हसण्याला ऊत आला. “माकडाला कुणी सर्टिफिकेट दिलंन गो?” असे लोक त्याच्या म्हाताऱ्या आईला, आनंदीबाईला विचारत. आनंदीबाई म्हणे, “माज्या हरीचं इंग्रजीतलं उडणं हाय. तुमच्यासारखं नाय.”

मद्रासला तो ज्या ठिकाणी शिकला ते युनिव्हर्सिटी नव्हते, व्यायामशिक्षकांचे कॉलेज होते. परंतु रत्नागिरीत कुणी युनिव्हर्सिटी म्हटले, तर तो दुरुस्ती करीत नसे. इतरांची पोक, चालणे, बसणे, चावणे, झोपणे, सगळे तो दुरुस्त करी. एवढी एक चूक तेवढी त्याने राहू दिली.

परत आला तो खाकी अर्धी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीने बांधलेली शिट्टी घेऊन. वाडीतल्या बायका खाकी चड्डीला पोलीस समजून आत पळाल्या. त्याने घरोघर जाऊन पुरुषांच्या छात्या मोजल्या आणि सर्वांना कळवले की श्वास घेण्याची त्यांची पद्धत अपुरी आहे. वाडीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या अपुरा श्वास घेऊन जगले आणि अपुरा श्वास सोडून मेले, याचे त्याला खरोखर वाईट वाटे. स्वतःची बायको मैना विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढे, तेव्हा तो वरच्या पायरीवर उभा राहून सांगे, “कळशी एका बाजूला घेऊ नकोस. कणा वाकतो.”

“मग दुसऱ्या हातात तुमी घ्या,” मैना म्हणे.

“हा प्रश्न मदतीचा नाही. संतुलनाचा आहे.”

कळशी मैनाच्याच कमरेवर राही.

शहरातल्या एका हायस्कुलात त्याला काम मिळाले. त्या शाळेच्या मंडळाचे चिटणीस आप्पासाहेब लेले वकील होते. आप्पासाहेबांची ढेरी त्यांच्यापुढे अर्धा पाऊल चाले. हरिश्चंद्राने पहिल्याच भेटीत तिच्याकडे असे पाहिले की आप्पासाहेबांनी पंचा ओढून घेतला. नेमणूक हंगामी झाली. ती तशीच वर्षे लोंबकळली. दर जूनमध्ये हरिश्चंद्र हंगामी होई आणि दर एप्रिलमध्ये शाळेचा कोणी नसे. पोरे त्याला उड्यामास्तर म्हणत.

मग वारे फिरले. मुंबईला नवे मंत्रिमंडळ आले, आणि शाळाशाळांतून शरीराचे शिक्षण हवे अशी भाषा वर्तमानपत्रांत येऊ लागली. कालपर्यंत पाटीवर नाव नसलेला विषय एकाएकी राष्ट्राचा पाया झाला. आप्पासाहेबांनी हरिश्चंद्राला बोलावून खुर्ची दिली. खुर्ची त्याला प्रथमच मिळत होती. तो तिच्यावर शास्त्रोक्त बसला.

“मास्तर, शिमग्याच्या सुमारास मुंबईहून साहेब तपासणीला येणार. त्यांना मैदान दिसलं पाहिजे. स्वतःचं मैदान, आणि मैदानावर खेळणारी मुलं. ते दिसलं तर तुमची जागा कायम. पुढेमागे मास्तरांना शिकवायला मुंबईलासुद्धा बोलावतील तुम्हाला. नाही दिसलं, तर…” आप्पासाहेबांनी ढेरीवरून हात फिरवला. “मंडळ तरी किती दिवस उड्या पोसणार?”

दहा वर्षे हरिश्चंद्र हेच ऐकायची वाट पाहत होता. मास्तरांचा मास्तर. मुंबई. हजार पोरे एका शिट्टीवर हात वर करताहेत. रात्री झोपेत त्याचे हात खरोखरच वर जात, आणि मैना ते खाली करी.

रत्नागिरीत समुद्र पाहिजे तेवढा आहे, सपाट जमीन नाही. सपाट असा एकच तुकडा वाडीच्या डोक्यावर, सड्यावर होता: काळा कातळ, त्यावर चार महिने हिरवे आणि आठ महिने पिवळे गवत. तो तुकडा गावाचा. आणि गावाचा म्हणजे, बोलायचे झाले तर देवीचा, आणि करायचे झाले तर रावजी गावकराचा.

गावकी चालवणारा रावजी म्हणाला, “माज्या हातात काय हाय? आईला विचारू. कौल देईल तसं.”

म्हणजे गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट पाहायची. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शरीरशास्त्र, आहारशास्त्र आणि इंग्रजी उड्या शिकलेला माणूस देवळाच्या फरसबंदीवर बूट काढून बसला आणि कळीकडे एकटक पाहू लागला. त्या वेळी त्याचा श्वास मोजला असता तर फार अपुरा भरला असता.

कळी उजवी पडली. हरिश्चंद्राने नारळ फोडला, नमस्कार घातला, गाभाऱ्याला उंबऱ्यावरून पुन्हा हात जोडले. घरी येऊन मैनाला म्हणाला, “उजव्या बाजूला वारा लागतो, कळी लवकर सुकते. साधं शास्त्र आहे.”

“मग नारळ का फोडलात?”

“लोकांचं मन राखावं लागतं.”

मैदान मिळाले. त्याने पोरांकडून काटे उपटले, चुन्याच्या रेघा मारल्या, दोन खांब पुरून त्यांच्यात जाळे बांधले. जाळे मासे पकडायचेच होते. पण चेंडू त्याच्यावरून मारता येई. आता साहेबांना दाखवायचे काय? कवायत कुठलीही शाळा दाखवील. हरिश्चंद्राला काहीतरी राष्ट्रीय पाहिजे होते. विचार करता करता त्याला पालखी सुचली.

शिमग्यात देवीची पालखी गावातून फिरते. मानाचे लोक ती खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचवतात, पार गुडघ्यापर्यंत खाली आणतात, डोक्यावर उडवतात. हरिश्चंद्राने लहानपणापासून हे पाहिले होते, पण मद्रासला गेल्यावरच त्याच्या ध्यानात आले की हे पिंढऱ्यांचे, मांड्यांचे आणि खांद्यांचे उत्तम काम आहे. फक्त ते अडाण्यांसारखे चालले आहे. श्वासावर ताबा नाही, दारू पिऊन नाचतात, आणि मोजणी कुणी करीत नाही. त्याने वेळूची पालखी बांधली. रिकामी पालखी भलतीच उडू लागली, म्हणून वजनासाठी सड्यावरचा एक जांभा चिरा आत ठेवला. चिऱ्याच्या कडा पोरांच्या बोटांना लागू लागल्या, म्हणून मैनाचे एक जुने तांबडे लुगडे फाडून त्यात तो गुंडाळला.

“तांबडंच का फाडलंत?” मैनाने विचारले.

“हाताला तेच लागलं.”

सपाटीवर पालखी जमली. आता चढउताराचा सराव हवा, म्हणून शिमग्याला आठवडा असताना एका सकाळी तो पोरांना घेऊन पाखाडीने वाडीत उतरला. पुढे शाळेचा ढोल, मागे चार खांद्यांवर पालखी, बाजूला शिट्टी. “एक, दोन! गुडघा वर! श्वास नाकानं!”

गोदूबाईच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकापाशी, एका पोराचा खांदा घसरला. हरिश्चंद्राने शिट्टी मारून पालखी थांबवली आणि तो पोराचा खांदा बसवू लागला.

मास्तरला मद्रास आठवले, पण वाडी आठवली नाही. दारात पालखी थांबली की घरच्या बाईने ताट घेऊन बाहेर यायचे, हे इथे पोटातले पोरसुद्धा जाणते. आत काय बसले आहे ते वाकून कुणी बघत नाही. वाकायचे असते ते नमस्कारासाठी. आणि गोदूबाई विधवा, डोळे अधू. हद्दीच्या एका माडावरून तिचे रावजी गावकराशी भांडण झाले, तेव्हापासून देवीची पालखी तिच्या बेड्यावरून वाजतगाजत पुढे जाई, आत वळत नसे. बाई दर शिमग्याला ताट करून बसे आणि ढोल लांब गेला की त्यातले तांदूळ कोंबड्यांना घाली. आज ढोल दाराशी येऊन थांबला होता.

ती धावतच आली. ताटात निरांजन, हळदकुंकू, नारळ, खण. आधी ती रडली, मग तिने उंबऱ्याबाहेर अंग टाकले.

“गोदूकाकी, उठा,” हरिश्चंद्र म्हणाला. “हे व्यायामाचं साधन आहे.”

“होय रे बाबा, होय. आईची साधना. किती वरसांनी ग आलीस माजे आये!”

“तसं नव्हे. आत वजन आहे.”

“असणारच! आई हाय ती. हलकी कशी असंल?”

पोरे फिदीफिदी हसू लागली. ढोल थांबला. आणि इथे मास्तरने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतला, तोही शास्त्राला धरून: तालात खंड पडता कामा नये. “जागच्या जागी पाय चालू ठेवा!” तो ओरडला. खाकी चड्डीतली पोरे दाराशी पाय आपटत राहिली आणि गोदूबाई चिऱ्याची ओटी भरत राहिली. हरिश्चंद्राला हेही पटले की म्हातारीची समजूत काढण्यात सकाळ गेली असती.

पण गोदूबाईच्या दारात पालखी आली, हे शेजारच्या दारातून दिसत होते. गावकराने वगळलेल्या बाईकडे आई आधी गेली, मग आमच्याकडे का नाही? पुढच्या घरची बाई ताट घेऊन आडवीच आली. तिच्या पुढची सुनेला घेऊन. पाखाडी संपेपर्यंत चिऱ्यावर इतके कुंकू साचले की लुगडे कुठे संपते आणि कुंकू कुठे सुरू होते हे कळेना. नारळ पोरांनी सड्यावर बसून खाल्ले. मास्तर म्हणाला, “हरकत नाही. पौष्टिक आहे.” त्यानेही एक खोबऱ्याचा तुकडा घेतला.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या आगबोटीतून गोदूबाईचा सदू उतरला. दोन वर्षे पत्ता नव्हता त्याचा. कोकणातला माणूस मुंबईत वाघाच्या जबड्यात असला तरी शिमग्याला सुटून घरी येतो, आणि त्या दिवशीच्या आगबोटीतून सदूसारखे शंभरजण उतरले होते. पण त्या शंभरांच्या दारात आई गेली नव्हती. गोदूबाई सदूचा हात धरून तशीच सड्यावर आली. जाळ्याच्या खांबापाशी वेळूची पालखी ठेवलेली होती. तिने मुलाला पालखीपुढे लोटले.

संध्याकाळपर्यंत सड्यावर रांग लागली.

हरिश्चंद्राने खुलासा करण्याचा प्रयत्न केला. त्याने लुगडे सोडून आतला चिरा लोकांना दाखवला. हा त्याचा दुसरा मूर्खपणा. तोवर लोकांना नुसती पालखी ठाऊक होती. आता त्यांना मूर्ती मिळाली.

“नाक बघ,” एकजण म्हणाला.

“आणि डोळा. डावा जरासा मिटलेला.”

“नवसाचं दर्शन हाय ह्ये. मास्तरानं हातांनी उघडलंन बघा.”

रावजी गावकर दोन दिवस आला नाही. त्याच्या डोक्यावरून देवी परस्पर गोदूबाईकडे गेली होती, ही गोष्ट त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती. तिसऱ्या दिवशी त्याने काटा गिळला आणि गुरवाला घेऊन सड्यावर चढला. चिऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाला, “आईला विचारू. हितंच ऱ्हायचं का तिला?”

“रावजीमामा, हा दगड मी उचलून ठेवलाय!” हरिश्चंद्र ओरडला. “तिथून, त्या खड्ड्यातून. वजन हवं होतं म्हणून. पोरांना विचारा.”

“सगळे देव कुणीतरी उचललेलेच असतात रे,” रावजी म्हणाला. “आपणहून कोण चालत आलाय?”

“कळी पडण्यावरून ठरवणार तुम्ही? विसाव्या शतकात?”

“मास्तर,” रावजीने अगदी प्रेमाने विचारले, “तुला मैदान कशानं मिळालं?”

हरिश्चंद्राने तोंड उघडले. मागे उभ्या असलेल्या लोकांनी तो नारळ फोडताना पाहिला होता, उंबऱ्यावरून परत वळून नमस्कार करताना पाहिला होता. तोंड उघडेच राहिले. मद्रासला शिकवले होते की श्वास नाकाने घ्यावा.

कळी उजवी पडली.

चुन्याच्या रेघांच्या आत चपला घालू नयेत असे ठरले. रेघा आयत्याच होत्या. आत पळू नये, चेंडू मारू नये, शिट्टी तर मुळीच नको. जाळे काढून त्या खांबांवर माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. भागोजीदेखील रजेवर आला होता. त्याने वाकल्या पाठीने चार दिवस झावळ्या वाहिल्या. धाकट्या भावाने बांधलेल्या पालखीला देवपण आले, याचा त्याला एवढा अभिमान वाटला की त्याने विडी तेवढे दिवस सोडली. हरिश्चंद्र दहा वर्षांत जे करू शकला नव्हता ते चिऱ्याने आठवड्यात केले.

“काढून टाका त्याला, दादा. रात्रीचा दरीत लोटून द्या,” हरिश्चंद्र त्याला म्हणाला. “साहेब येतोय. माझी जागा आहे ती. माझं सगळं आहे त्यात.”

भागोजी घाबरून दोन पावले मागे सरला. “खुळा झालास काय रे बाबू? आईला?”

रंगपंचमीला साहेब आला. त्याच दिवशी गावदेवीची पालखी नव्या आईला भेटायला सड्यावर आली होती, त्यामुळे अख्खी वाडी, वरच्या वाड्या आणि मुंबईचे सगळे चाकरमानी तिथे गुलालात न्हाऊन निघाले होते. साहेब पुण्याकडचा, सोनेरी चष्म्याचा, वहाणा घालणारा होता. आप्पासाहेब त्याला घेऊन चढ चढले आणि धापा टाकीत थांबले.

“हे मैदान?” साहेबाने विचारले.

“होय, म्हणजे होतं,” हरिश्चंद्र म्हणाला. त्याने पोरांना खुणावले. पोरे ओळीत उभी राहिली, पण रेघेच्या बाहेर, कातळाच्या काठावर, आणि गुलालाने इतकी लाल की त्यांचे चेहरे ओळखू येईनात.

“मुलं खेळताना दाखवा ना.”

“आज… आज शक्य नाही.”

“आणि उद्या?”

हरिश्चंद्राने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. साहेबाने मांडवाकडे पाहिले. त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला. त्याने वहाणा काढल्या, रेघेच्या आत गेला, चिऱ्यापुढे वाकला, आणि गुरवाने त्याच्या कपाळाला लावलेला गुलाल न पुसता परत आला.

“जागृत दिसतंय,” तो आप्पासाहेबांना म्हणाला. “फार प्रसन्न वाटलं. शाळेला मैदान मिळालं की मात्र आम्हाला जरूर कळवा.”

आप्पासाहेबांनी हरिश्चंद्राकडे पाहिले नाही. त्यांनी पंचा नीट केला. “मंडळापुढे ठेवतो,” ते हवेला म्हणाले, “पण मंडळ काय म्हणेल ते मला आताच माहीत आहे.”

हरिश्चंद्र तिथेच उभा होता, पाठ ताठ, हनुवटी वर, जशी शिकवली होती तशी. तेवढ्यात रावजीने त्याला हाताला धरून मांडवात ओढले. घाईत बूट काढायचेही राहिले. गावाच्या वतीने देवीला घालायचे गाऱ्हाणे सुरू झाले होते. रावजीने दोन्ही हात जोडून आवाज चढवला आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या गावाने होकार भरला.

“बा महाराजा! ह्यो तुजा लेक हरी, तुला खांद्यावर घेऊन वाडीत आलाय!”

“होय महाराजा!”

“परमुलखात जाऊन उड्या शिकून आलाय, हाडं मोजून आलाय, त्याच्या हातून काय वाकडं बोलणं झालं आसंल, तर ते पोटात घाल!”

“होय महाराजा!”

“तुज्या पालखीचा पुढचा मान आजपास्नं त्याचा आणि त्याच्या पोराबाळांचा. वरसानुवरसं त्यानं तुजी सेवा करायची. तुज्या पायाशी त्याची जागा कायम कर!”

“होय महाराजा!” गोदूबाईचा आवाज सर्वांत उंच निघाला. सदू, भागोजी, आप्पासाहेब सगळे म्हणाले. साहेबसुद्धा पुटपुटला. मैना बायकांच्या घोळक्यात होती. तिची नजर चिऱ्यावरच्या आपल्या लुगड्यावर होती.

शेवटचा होकार मानकऱ्याचा असतो. रावजीने नारळ हरिश्चंद्राच्या हातात दिला. ढोल थांबला. सगळे सडाभर लोक हरिश्चंद्राच्या तोंडाकडे बघत राहिले. वेळूच्या दांडीवर, जिथे खांदा लागतो तिथे, त्याने स्वतः पोरांसाठी गुंडाळलेली चिंधी तशीच होती.

“म्हण रे बाबू,” भागोजी हळूच म्हणाला.

हरिश्चंद्राने नारळ चिऱ्यापुढे ठेवला. मग तो वळला, आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनी मैदानाच्या मधोमध चालत, चुन्याची रेघ तुडवून, एक शब्द न बोलता सड्याबाहेर निघून गेला.